जांभळीची खोड

मल्लेशा,

तुला पोचवून आम्ही परत फिरलो होतो. अजून हातपायही धुतले नव्हते. तेवढ्यात नातेपुत्याचा तो जुन्या लोखंडाचा व्यापारी माझ्या बाजूनं चालायला लागला आणि हळूच म्हणाला, "धोंडीअण्णा, त्या जांभळ्या मोटारीच्या मागल्या गिअरचं दात गेल्यात म्हणं. तुमीच बोलला व्हता. मग शंभराच्या वर काय देऊ नये न्हवं?"

मी काही बोललो नाही. खाली बघून चालत राहिलो. आणि आपल्यात गप्प बसणं म्हणजे व्हय म्हणणं, हे तुला सांगायला नको.

तुझ्या घरातलं रडणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं, आणि मी तुझी गाडी भंगारात घालून घरी आलो. तोंड न उघडता.

मला लिहायची सवय नाही. शाळेत पाटी फुटली त्या दिवशी बाप म्हणाला, बरं झालं, चल मेंढरांमागं. तेव्हापासून माझं लिहिणं म्हणजे घोंगड्यांच्या गठ्ठ्यावर गिऱ्हाइकाचं नाव टाकण्यापुरतं. पण तुझ्याशी बोलायचं राहिलं ते आता कुणाशी बोलू? शब्द वाकडे पडतील. पडू देत. तू तरी कुठं मोठा शिकलेला होतास.

आपल्याला बघून लोक हसायचे, ते मला ठाऊक होतं. एक घोंगडी विकणारा धनगर, दुसरा चार मागांचा पद्मसाळी, आणि दोघांना याड जुन्या मोटारींचं. गिरणीचा साहेब विलायतेला निघाला की त्याची गाडी विकायला निघायची, आणि त्याचं सामान बांधून व्हायच्या आत आपण फाटकात उभे. घ्यायची, वर्षभर खेळवायची, विकायची, की दुसरी. तुझी नागम्मा वहिनी म्हणायची, हे दोघं मोटारी घेत न्हाईत, सोयरिका जमवत्यात.

मला मोटारीतलं काय कळत होतं? मेंढरू कळत होतं, बैल कळत होता. जनावरांच्या बाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं की शंभर, सगळा पंजा धरला की पाचशे. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि सौदा मोडला तरी कुणाची अब्रू जात नाही. तीच रीत मी मोटारींना लावली. पहिल्यांदा एका साहेबाच्या हातावर उपरणं टाकलं तेव्हा त्याला वाटलं, मी त्याचा हात पुसून द्यायला आलोय. त्यानं बिचाऱ्यानं दुसराही पुढं केला. तू बॉनेटमागं तोंड लपवून हसत होतास.

पुढं सगळ्यांनीच ती रीत उचलली. रविवारी स्टेशनाच्या रस्त्याला त्या लिंबाखाली चार जुन्या गाड्या उभ्या राहायच्या आणि उपरणी पसरायची. किंमत झाकून, पण खोड उघड. बैल मारका असेल, चालता चालता बसणारा असेल, तर ते चार लोकांत सांगायचं. आणि जाणत्यानं एकदा खोड सांगितली की ती जनावराला जन्माची चिकटते. सांगणाऱ्यानं ती परत घेतलेली मी कधी बघितली नाही. माझ्या बापानं कधी घेतली नाही. मी कसा घेणार?

गाडी चालवायला मला तू शिकवलंस, गिरणीमागच्या माळावर. ब्रेक दाबताना माझ्या तोंडून "हो, हो" निघायचं, बैलाला थांबवताना म्हणतात तसं. तू कुणाला सांगितलं नाहीस. लिंबाखाली त्यावर वर्षभर हसता आलं असतं. पण नाही सांगितलंस.

आणि मैंदर्गीची ती गाडी! गोठ्यात उभी, टपाला भोकं, आत कोंबड्या. मालक निम्मं कानडी बोलायचा, तू त्यात तेलुगू मिसळायचास, दोघांना एकमेकांचं काही कळत नव्हतं आणि तरी सौदा पुढं सरकत होता. मी तेलात बोट बुडवून वास घेत होतो. तू मागच्या गादीवर ऐटीत बसलास आणि तसाच उठलास. खाली अंडी. मालक शांतपणे म्हणाला, "मोटारीचं ठरलं. अंड्यांचं वेगळं."

ती चालू होईना, म्हणून त्याच्याच बैलांना जुंपून सोलापुरापर्यंत ओढत आणली. तू स्टिअरिंग धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालत होतास, नवरदेवासारखा. मी अक्कलकोट ओलांडल्यावर खाली उतरलो आणि मागं, बरंच मागं, चालत आलो. तुला म्हटलं, पाय मोकळे करतो. पाय काही आखडले नव्हते. माझा बाप सांगोल्याहून लोकरीची बैलगाडी हाकत सोलापुरात यायचा. त्या गाडीखाली पोतं टाकून मी वाढलो. तिथून मोटारीपर्यंत पोचायला मला निम्मा जन्म लागला होता, आणि आता त्या मोटारीच्या पुढंच बैल. ओळखीच्या कुणी बघितलं तर, एवढीच धास्ती. तुला ते कळलं होतं. सोलापूरच्या वेशीजवळ तू बैल थांबवून ठेवलेस, मी पोचेपर्यंत, आणि मग म्हणालास, "अण्णा, तुमी पेठंतनं जावा, मी गावाबाहेरच्या पांदीनं आणतो." असली माणसं शोधून सापडत नाहीत. मला शोधावी लागली नव्हती, म्हणून मला किंमत कळली नाही. किंमत करणारा म्हणून मी गावात मिरवत होतो.

मग आली जांभळी.

करमाळ्याच्या एका डॉक्टराची ती गाडी. मी तिच्यावर कधीपासून डोळा ठेवून होतो. लोकरीसाठी तिकडं गेलो की डॉक्टराकडं जाऊन तिच्याभोवती एक फेरी मारायचो आणि गोळ्या न घेताच बरा होऊन यायचो. हे फक्त तुला ठाऊक होतं. आणि एक दिवस तू एकटाच गेलास आणि तिला घेऊन आलास. डॉक्टर घाईत होता, म्हणालास, आणि मी लोकर आणायला गेलो होतो. खरं असेल. नंतर वहिनींकडून कळलं, तू ती आपल्या दोघांत म्हणूनच घेतली होतीस, मैंदर्गीच्या गाडीसारखी. पण ते सांगायची संधी मी तुला दिलीच नाही. सोलापुरात कुणी जुनी मोटार घेतो आणि आधी धोंडीबाला दाखवत नाही, एवढंच माझ्या जिव्हारी बसलं. त्यात तू.

रविवारी तू ती लिंबाखाली आणलीस. ऊन असं की जमीन पोळत होती. वळण घेताना जांभळीनं आवाज केला. लांब, कण्हल्यासारखा. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठलो, तिच्याभोवती सावकाश फिरलो, मागच्या चाकाशी वाकलो, आणि उभं राहून चारचौघांत म्हणालो, "रडवी हाय. मागल्या डब्यातलं गिअरचं दात गेलं. आज रडती, उद्या बसंल. भंगार."

मग उपरण्याखाली तुझं एक बोट धरलं. तू माझा सगळा पंजा धरलास आणि सोडलास. हसत होतास, पण हात गार होता.

तू खाली बसलास. त्या गाड्यांना लाकडी आऱ्यांची चाकं होती, आताच्यासारखी लोखंडी नव्हेत. तू एका आऱ्यावर थाप मारलीस. "अण्णा, दात न्हवं. लाकूड तहानलंय. उन्हात उभी व्हती ना. आरं ढिलं झाल्यात, तेच कण्हतंय."

आणि मी म्हणालो, "मोटार हाय ती, मल्लेशा. तुज्या बापाची बैलगाडी न्हवं."

लोक हसले. लई हसले.

तुझा बाप जन्मात बैलगाडीवर बसला नव्हता. तो मागावर बसला आणि मागावरच म्हातारा झाला. बैलगाडी माझ्या बापाची होती. उन्हाळ्यात तिची चाकं कण्हायला लागली की तो ती काढून नदीत भिजत घालायचा आणि मला काठावर राखण बसवायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं, गप्प होतं. अख्ख्या सोलापुरात तहानलेल्या लाकडाचा आवाज कुणाच्या कानात असेल तर माझ्या. चाकाशी वाकलो तेव्हाच मी तो ओळखला होता. पण मोटारीचा जाणता म्हणून नाव झालेल्या माणसानं चारचौघांत म्हणायचं काय, तर हिला माझ्या बापाच्या गाडीचा आजार हाय? जीभ वळली नाही. दात गेलं म्हणालो. दात म्हटलं की मशीन कळल्यासारखं वाटतं.

दुसऱ्याच दिवशी तू जांभळी कंबर तळ्याच्या उथळ पाण्यात नेऊन उभी केलीस. म्हशी धुणाऱ्या पोरांनी गाव गोळा केलं. साळ्यानं मोटार म्हशीगत पाण्यात घातली, ही बातमी माझ्या दुकानात आली तेव्हा मी गादीवरून न उठता म्हणालो, दूध किती देती इचारा. ते वाक्य पेठेत माझ्या आधी फिरून आलं. तुझ्यापर्यंतही आलं असणार.

गाडी गप्प झाली. काही आठवडे गप्प राहायची, वाळली की कण्हायची, तू परत भिजवायचास. ज्या दिवशी ती गप्प असायची त्या दिवशी तू तिला माझ्या दुकानावरून न्यायचास. हळू करायचास. हॉर्न नाही, हाक नाही. मी गिऱ्हाईक नसताना घातलेल्या घड्या मोडायचो आणि परत घालायचो. मान वर करायचो नाही. मी नुसती मान वर करावी, एवढंच तू मागत होतास. बोलावंही लागणार नव्हतं मला. वर्षं गेली, मल्लेशा. घोंगड्यांच्या घड्यांकडं बघण्यात गेली.

माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नात तू जांभळी धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून दारात आणलीस, वरातीला. मी टांगा सांगितला होता. पाहुण्यांसमोर म्हणालो, मधीच बसली तर काय करायचं? तू जांभळीची माळ काढलीस आणि टांग्याच्या घोड्याच्या गळ्यात घातलीस. मग वरातीत शेवटपर्यंत पायी चाललास. लेक आजही त्या माळेची आठवण काढते. ती काढते तेव्हा मी उठून बाहेर जातो.

एवढं करूनही तू रविवार चुकवला नाहीस. माझ्या शेजारीच बसायचास. दुसऱ्याच्या गाडीवर आपलं एकमत व्हायचं, चहाही एकाच बशीतून व्हायचा. फक्त जांभळीचं नाव निघालं की मी एक बोट वर करायचो आणि तू पंजा. लोकांना तो खेळ वाटायचा. ते म्हणायचे, यांचं असंच चालायचं. मलाही तेच पटत होतं. भांडण संपवायला सवड हाय असं वाटतं, माणूस समोर बसलेला असतो तोवर.

मग तू आजारी पडलास. मी रोज येत होतो. तुझ्या अंगावर मीच दिलेलं काळं घोंगडं होतं. शेवटच्या खेपेला तू घोंगड्याखालून हात सरकवलास आणि माझा हात ओढून आत घेतलास. वहिनी उशाशी होत्या. त्यांना वाटलं, दोस्ताचा हात धरलाय. मला मात्र त्या हातानं काय म्हटलं ते लगेच कळलं. तू माझं एक बोट धरलंस. एकच. माझी किंमत. इतकी वर्षं पंजा दाखवणारा तू, माझ्या भावात जांभळी मला द्यायला निघालास.

"घ्या की, अण्णा," म्हणालास. "घरात कुणी चालवणारं न्हाय."

मी हात काढून घेतला. म्हटलं, "आदी बरा हो. मग बगू."

तुला वाटलं असेल, एवढ्यालाही नको म्हणाला. तसं नव्हतं, मल्लेशा. त्या भावानं घेतली असती तर रोज तिच्यात बसून मला माझं खोटं हाकावं लागलं असतं. आणि खरी किंमत सांगायची तर तुझा सगळा पंजा धरायचा होता. घोंगड्याखाली. कुणाला दिसलं नसतं, वहिनींनाही नाही. तेवढ्यात सगळं मिटलं असतं. तरी माझी बोटं उघडली नाहीत. माझा ताठा चारचौघांसाठी हाय असं मी समजत होतो. तिथं चारचौघं कुठं होते?

तू डोळे मिटलेस. हात घोंगड्याखालीच राहिला. मी बाहेर येऊन चपला घातल्या.

मग तू गेलास, आणि तुला पोचवून परतताना तो नातेपुत्याचा माणूस. त्याला इंजिनाशी देणंघेणं नव्हतं. माळशिरसाकडं ऊस वाढलाय, त्याला जांभळीचा आस आणि चाकं काढून उसाची बैलगाडी करायची होती. रविवारी लिंबाखाली येतो म्हणून वहिनींना सांगून गेला. मी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "शंभर देतो म्हणतोय. तुमी पन तेवढ्याचीच हाय म्हणत व्हता ना, अण्णा? मग देऊन टाकू?" टोमणा मारत नव्हत्या. मोटारीतलं कळणारा घरचा माणूस म्हणून विचारत होत्या. घराला आता ते चार मागच आधार, आणि गाडीची किंमत माझ्या शब्दावर ठरायची.

मी म्हटलं, रविवारपर्यंत गाडी माझ्याकडं द्या.

शनिवारी तिला कंबर तळ्यात घातली. धोतर खोचलं, पाण्यात उतरलो आणि चारी चाकांवर ओंजळीनं पाणी मारलं, बाप मारायचा तसं. म्हशी धुणारी ती पोरं आता मिशीवाली झालीत, पण जमली. एकानं काठावरून विचारलं, "अण्णा, दूध किती देती?" माझंच वाक्य. मी वर बघितलं नाही. चाकाला पाणी मारत राहिलो. गुडघे कळा देत होते आणि मला ते बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी तिला लिंबाखाली आणली. त्याच वळणावरून. आवाज नाही. कासीमभाई फिटर पान लावत बसला होता, तो म्हणाला, "क्या अण्णा, आज रोती नै?"

मी उतरलो. मागच्या चाकावर हात ठेवला, कारण उभं राहायला काहीतरी धरायला हवं होतं. म्हणालो, "हिला खोड न्हाय. कधीच नव्हती. लाकूड तहानलं व्हतं. मल्लेशा खरं बोलत व्हता, आन् ते मला त्याच दिवशी कळलं व्हतं. माझ्या बापाच्या बैलगाडीचा आवाज हाय त्यो. मला नाही कळणार तर कुणाला?"

एकजण हसला आणि मधेच थांबला. कासीमभाईनं पान तसंच हातात धरलं. "अब बोलते, अण्णा?" म्हणाला. एवढंच. शिवी दिली असती तर मी झेलली असती.

नातेपुत्याच्या माणसानं रीतीप्रमाणं उपरणं पुढं केलं. मी ते बाजूला सारलं. खोटी खोड मी चारचौघांत लावली होती, मग खरी किंमत झाकून कशी सांगू? जन्मात पहिल्यांदा उघड बोललो. "पाचशे," म्हटलं. "पुरा पंजा. आन् घेणार मी."

तू ऐकायला नव्हतास. ज्याला ऐकवायचं तो गेल्यावर खरं बोललो, याला कसला मोठेपणा? लोक पाठीवर थाप मारायला आले, मी सरकून गाडीत बसलो.

पैसे घेऊन तुझ्या दारी गेलो. गाडी उभी केली आणि वाट बघत बसलो. कुणी बाहेर येईना. शेवटी उतरून कडी वाजवली. वहिनींनी दार उघडलं, मला बघितलं, मग माझ्या मागं जांभळीला बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

"आवाजच आला न्हाय, अण्णा," म्हणाल्या. "ती कण्हत आली की मला कोपऱ्यावरनंच कळायचं, हे आले. मग मी तवा टाकायची. आत्ता वाटलं, कुणी परकं आलं."

पैसे त्यांनी घेतले, न मोजता देवापाशी ठेवले, आणि मला पाणी दिलं. मी पाणी प्यालो. परकंच आलं होतं, असं म्हणायचं होतं, तेही राहिलं.

मी ज्याला खोड म्हटलं, ती तुझ्या घरात तुझी चाहूल होती. माझं खोटं धुवायला मी तळ्यात उतरलो, आणि धुताना तीही धुऊन आलो. मला नीट करता आलं ते एवढंच, आणि तेही असं.

पण लाकूड परत वाळेल, मल्लेशा. सोलापूरचं ऊन कुणाचं ऐकत नाही. पहिलं कण्हणं आलं की चाक ढिलं व्हायच्या आत भिजवायचं असतं, हे मला कळतं, तू नसलास तरी. भिजवीन. पण त्याआधी एक फेरी तुझ्या गल्लीतून मारीन. हळू. हॉर्न न वाजवता. आणि वहिनी दारात आल्या तर मान वर करीन.